एकाच पॅनेलला हार

यंदाच्या खंडेनवमीला कारखान्यात नव्याने लागलेल्या इंजिनिअर मुलीने मला विचारलं, "सर, या पॅनेलला हार घातलाय आणि शेजारच्याला नाही. विसरलात का?" मी म्हटलं, "आमच्याकडे तशी पद्धत आहे." ती हसली आणि पेढा घेऊन निघून गेली. तिला खरं उत्तर द्यायचं तर नाना शिवलकरांबद्दल सांगावं लागलं असतं. आणि नानांबद्दल बोलायचं म्हणजे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागते, जी मी अजून बायकोलासुद्धा धड सांगितलेली नाही.

नाना आमच्या कारखान्यातले इन्स्ट्रुमेंटचे फोरमन. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, वाळका माणूस, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशात दोन पेनं, तीही दोन वेगळ्या कंपन्यांची. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन वस्तूंना ते दोन मानायचेच नाहीत. "एकाच आवशीची पोरं," म्हणायचे, "एकाला ताप आला की दुसऱ्यालाबी येणार." कॅन्टीनमध्ये त्यांना सगळे 'डबल नाना' म्हणत. एकदा कुणीतरी थट्टेत विचारलं, "नाना, मग बायकाही दोन का?" नाना हसले नाहीत. भजी संपवली आणि म्हणाले, "बायको मेन हाय. स्टँडबाय मी."

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो होतो.

आमच्याकडे मोठा बॉयलर आहे. त्यातलं पाणी ठरल्यापेक्षा खाली गेलं तर काय होईल ते न सांगितलेलं बरं. म्हणून ते पाणी सांभाळायला दोन पॅनेलं. एक चालतं ते मेन, दुसरं तयार उभं ते स्टँडबाय. मेनला काही झालं तर स्टँडबायने आपणहून कारभार हातात घ्यायचा. कागदावर सोपं आहे. नानांची सगळी नोकरी हे कागदावरचं खरं आहे की नाही ते तपासण्यात गेली.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, काही म्हणजे काही बिघडलेलं नसताना, नाना मेन बंद करायला लावायचे. प्रॉडक्शनवाले बोंब मारायचे. नाना ऐकून घ्यायचे आणि बंद करायचे. माझा पहिला सोमवार मला आठवतो. मी डोळे फाडून पॅनेलवरच्या दिव्याकडे बघत होतो आणि नाना पॅनेलकडे पाठ करून उभे होते.

"नाना, दिवा इकडे आहे."

"दिवा काय, बल्ब शाबूत हाय एवढंच सांगतो. तू आयक."

मीही पाठ केली. पॅनेलातल्या रिलेचा टक् आवाज झाला, पाणी चढवणाऱ्या पंपाचा सूर क्षणभर खाली पडला आणि परत वर आला. नानांनी मान हलवली आणि म्हणाले, "घेतलान."

स्टँडबायने भार घेतला. आमच्या रत्नागिरीकडच्या बोलीतला साधा शब्द, पण नाना तो असा म्हणायचे की पोरगा पहिल्या फटक्याला पास झाल्याचं घरी सांगतोय असं वाटावं. मग पंधरा मिनिटं तसंच उभं राहायचं, आणि नंतर मागे वळून न बघता ते उजवा हात वर करायचे. ती खूण झाली की मी भार परत मेनवर घ्यायचा.

"नुसता उभा हाय तो मेलेलाच हाय असं धरून चालायचं," त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. "चालवून बघितलास की तो जिवंत. तेवढ्या महिन्यापुरता."

नाना घरी कुणाला बोलवत नसत. एकदा त्यांचा चष्मा कारखान्यात राहिला म्हणून मी तो द्यायला गेलो. पाखाडीच्या जांभ्या पायऱ्या चढून वर गेलं की दगडी गडग्याच्या आत त्यांचं कौलारू घर. पडवीत नानांची बायको, आमच्या काकू, एका मोठ्या माणसाला भरवत होत्या. तो त्यांचा मुलगा, बाळ. तेव्हा विशीचा होता. जन्मापासून त्याला फिट यायच्या. बोलत नसे, स्वतःच्या हाताने खात नसे. हसायचा मात्र छान. काकू गुरगुट्या भाताचा घास कालवायच्या, हातातल्या हिरव्या बांगड्या थाळीच्या काठावर टिण् टिण् अशा दोनदा आपटायच्या आणि बाळ तोंड उघडायचा. पुन्हा घास, पुन्हा टिण् टिण्. तासभर ते चालू होतं. नाना बाजूला बसून पेपर वाचत होते.

"तुम्ही नाही भरवत कधी?" मी आपलं सहज विचारलं.

"त्याला माझीच सवय," काकू म्हणाल्या. "आणि ह्यांना वेळ कुठं असतो? ह्यांचं एक पोर हितं, एक तिकडं बॉयलरपाशी." नानांनी पेपराचं पान उलटलं.

आपल्यामागे बाळाचं काय, हा एकच प्रश्न त्या घरात होता. बाकी सगळं, म्हणजे जेवणखाण, सणवार, नात्यातली लग्नं, त्या प्रश्नाच्या कडेकडेने चालायचं. खेडला काकूंच्या भाचीचं लग्न होतं तेव्हा मी दुसऱ्या कुणाला तरी सोडायला रेल्वे स्टेशनवर गेलो होतो. बघतो तर नानांनी काकूंना आणि बाळाला डब्यात बसवलं, पिशव्या वर ठेवल्या, आणि स्वतः खाली उतरून बाहेर रिक्षा बघायला लागले.

"तुम्ही नाही जात लग्नाला?"

"जातोय की. यष्टीनं."

"अहो, गाडीत जागा आहे."

"जागा हाय रे. पण एका गाडीला काय झालं तर एक जण मागं उरायला नको?"

"पण बाळ काकूंच्याच गाडीत आहे."

"मग बाळ तिच्याबरोबर जाईल," नाना अगदी सरळ म्हणाले. "बाळ मागं आणि आमच्यातलं कोणच नाय, एवढं व्हता कामा नये. बाकी काय पण चालेल."

मी स्कूटर चालू करेपर्यंत ते रिक्षात बसून एसटी स्टँडकडे गेलेसुद्धा. रस्ताभर मला हसू येत होतं, आणि घरी पोचलो तेव्हा ते गेलं होतं.

आता हाराची गोष्ट.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून पूजा होते. घरची मंडळी येतात, पोरं येतात, सत्यनारायण असतो. त्या वर्षी बाळाला लागोपाठ फिट येत होत्या म्हणून नाना सिव्हिल हॉस्पिटलात होते. आम्ही हौसेने दोन्ही पॅनेलांना हार घातले. साधेसुधे नाहीत, मनगटाएवढे जाड. एकाला घालायचा आणि दुसऱ्याला नाही हे बरं दिसत नाही, असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर आमचंही तेच. दोन्ही हार पॅनेलाच्या दारावर, अगदी हवेच्या जाळीवर बसले.

ऑक्टोबरचं ऊन. दुपारी आम्ही प्रसादाच्या पंगतीत असताना मेन तापलं आणि बंद पडलं. स्टँडबायने भार घेतला. पण तेही सकाळपासून तसंच कोंडलेलं होतं. चार-पाच मिनिटांत तेही गेलं. बॉयलरवरचा रहाटे पानावरून उठून धावला आणि हाताने वाफेचा व्हॉल्व्ह फिरवून त्याने सगळं थांबवलं. त्याच्या कोपरापर्यंतची कातडी सोलवटून निघाली. त्याने ते केलं नसतं तर हे लिहायला मी नसतो, आणि त्या पंगतीतली पोरंही नसती.

नाना हॉस्पिटलातून तसेच आले. शर्टावर बाळाच्या औषधाचा डाग होता. त्यांनी दोन्ही हार काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन ठेवले व्हते ते कशाला?" त्यांनी मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "एकाला काय झालं तर दुसरा असावा म्हणून ना? तुम्ही दोघांना एकच रोग दिलात."

तेव्हापासून आमच्याकडे एका वर्षी मेनला हार, पुढच्या वर्षी स्टँडबायला. दोन्हीकडे एका दिवशी एकच गोष्ट करायची नाही, मग ती पूजा का असेना. नाना निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मी आलो, पण दर खंडेनवमीला दुपारी बाराच्या सुमारास त्यांचा फोन यायचाच. "दोघांना नाय ना घातलेत?" "नाही नाना." "बरं." एवढंच बोलणं. पहिली दोन वर्षं मला त्याचं कौतुक वाटलं. पुढे पुढे त्यांचं नाव दिसलं की मी मनातल्या मनात म्हणायचो, आला नेहमीचा फोन. गरज नसताना रोज वाजणारी घंटा ही बंद पडलेल्या घंटेपेक्षा वाईट, हेही मला नानांनीच शिकवलं होतं. पण ते पॅनेलावरच्या घंटेबद्दल होतं.

काकू गेल्या तेव्हा बाळ चौतीस वर्षांचा होता. सकाळी विहिरीवरून घागर घेऊन आल्या, पडवीत बसल्या आणि बसल्या जागी गेल्या. सवाष्ण गेल्या म्हणून बायकांनी त्यांना हिरवं नेसवलं, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या भरल्या. मी नानांच्या जवळ उभा होतो. ते रडत नव्हते. पडवीत बसलेल्या बाळाकडे बघत होते.

दुपारी नानांनी भात कालवला आणि घास बाळाच्या तोंडाशी नेला. बाळाने तोंड उघडलं नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारची सुरेखावहिनी येऊन चमच्याने बघून गेली, नानांची बहीण आली, कुणाच्याच हातून तो खाईना. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेऊन नाकातून नळी घालावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा नाना बाहेरच्या बाकावर बसले होते.

"महेश," ते म्हणाले, "मी पंप चालवून बघितले. पॅनेलं चालवून बघितली. तीस वर्षं एक सोमवार चुकवला नाय."

मी त्यांच्या शेजारी बाकावर टेकलो.

"घरातला स्टँडबाय एकदाबी चालवून बघितला नाय रे. बाजूला बसून पेपर वाचत व्हतो. मला वाटलं, मी हाय ना. पण मी नव्हतोच. चौतीस वर्षं नव्हतो आणि कोणाला कळलं नाय."

बाळाला घरी आणल्यावर त्यांनी वही घेतली. काकू भरवताना काय काय असायचं ते सगळं लिहिलं. कुठली थाळी, कुठला पाट, तोंड कुठल्या दिशेला, वेळ कुठली, भात किती गरम. आणि रोज त्यातली एकच गोष्ट बदलून बघायचे, कारखान्यात बिघाड शोधायचे तसे. काकूंची जुनी साडीसुद्धा खांद्यावर टाकून बघितली. नळीवर जगणारं पोर दिवसेंदिवस वाळत होतं आणि हा माणूस वहीत फुल्या मारत होता.

वहीच्या अकराव्या दिवशी सुरेखावहिनीकडे कासारीण आली. गडग्यापलीकडे पडवीत बसून तिने बांगड्यांचे चुडे काढले आणि स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेवले. इकडे खिडकीत बसलेल्या बाळाने 'आ' करून तोंड उघडलं. नाना समोरच होते. ते उठले, अनवाणी गडगा ओलांडून गेले आणि कासारणीसमोर हात पुढे करून म्हणाले, "भर. हिरव्या. डझनभर."

त्यांचा पंजा वाळलेला, म्हणून मोठ्या मापाच्या कशाबशा चढल्या. ते परत आले, भात कालवला, थाळीच्या काठावर बांगड्या दोनदा वाजवल्या. सुरेखावहिनी सांगते की बाळाने घास घेतला तेव्हा नाना जोरात ओरडले. "घेतलान! घेतलान गो सुरेखा!" आणि मग ते घळाघळा रडायला लागले, घास देत देत रडत राहिले.

पुढे मोबाईलवर तो आवाज भरून बघितला त्यांनी. बाळाने मोबाईलकडे बघितलंही नाही. चमचा वाजवला, किल्ल्या वाजवल्या. नाही. काचेच्या बांगड्याच हव्यात.

पुढच्या महिन्यात मला निरोप आला. पहिल्या सोमवारी साडेबाराला ये. गेलो तर नाना बांगड्या काढून, पुसून बसले होते. "आता मेन मी," म्हणाले. "मला स्टँडबाय हवेत. सुरेखा एक. दुसरा तू."

आमच्या खात्यात कुणी मागे हटला की 'बांगड्या भरल्यास काय रे' असं ओरडणाऱ्यांतला मी. गडग्याशी दोन बायका उभ्या होत्या. मी म्हटलं, "नाना, हातात धरून वाजवल्या तर?"

"मग घास कुठल्या हातानं देशील?"

साबण लावून पाच बांगड्या चढल्या, दोन फुटल्या. नाना पडवीसमोरच्या खळ्यात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी काठावर टिण् टिण् वाजवलं. बाळ माझ्या हाताकडे बघत राहिला, मग त्याने तोंड उघडलं. त्याचे ओठ माझ्या बोटांना लागले आणि मला एकदम लाज वाटेनाशी झाली. चार घास झाल्यावर खळ्यातून आवाज आला, "घेतलान." आणि मग मागे न बघता वर गेलेला तो हात. परत मेनवर.

मी दर महिन्याला जायचो. एखादा सोमवार चुकला तर पुढच्या सोमवारी. सुरेखावहिनी आठवड्यातून एकदा भरवायची. तीन वर्षं हे नीट चाललं. नाना वहीत टिकमार्क करायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसायला लागलं होतं. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही, आणि माझ्याही नाही. सुरेखावहिनीचा नवरा विलास आमच्याच कारखान्यात होता.

गेल्याच्या गेल्या वर्षीची खंडेनवमी. सुरेखावहिनी पोरांना घेऊन पूजेला आली होती. पाहुण्यांचे मोबाईल फाटकावर जमा करून घ्यायची आमच्याकडे पद्धत, तिचाही तिथे कप्प्यात पडला होता. आरती चालू होती. मी टाळ्या वाजवत होतो. बारा वाजून गेले होते. खिशात फोन थरथरला, काढून बघितला, 'नाना'. त्या वर्षी मी एकाच पॅनेलला हार घातला होता, अगदी चोख. मनात म्हटलं, आला नेहमीचा फोन. आरती झाल्यावर सांगतो. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. तो टेबलावर परत एकदा थरथरला, तेही मी बघितलं.

दोन वाजता मी उलट फोन केला. कुणी उचलला नाही. मी जेवायला बसलो.

साडेचारला सुरेखावहिनी घरी पोचली तेव्हा नाना पाखाडीच्या खालच्या पायरीवर पडलेले होते. पावसाळ्याचं शेवाळ अजून वाळलेलं नव्हतं. दाराला तोरण करायला झेंडू तोडायला ते उतरत होते. थाळी वाढून पडवीत ठेवली होती, बांगड्या हातात होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. सुरेखावहिनीला एकदा आणि मला दोनदा फोन करून मोबाईल हातातून निसटला तो खालच्या गटारात. वाडीतली सगळी माणसं पूजेला किंवा बाजारात. ऊन डोक्यावरून उतरेपर्यंत ते तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी हॉस्पिटलात गेलो. त्यांच्या मनगटावर काचेचे ओरखडे होते. मी पायाशी उभा राहिलो. मला वाटत होतं, यांनी मला शिव्या द्याव्यात.

"हात हलू दिला नाय," नाना म्हणाले. मला कळेना. "उजवा हात. पोटाशी धरून ठेवला. सात-आठ बांगड्या शाबूत व्हत्या. वाजल्या असत्या तर वरती त्यानं तोंड उघडलं असतं. आणि घास द्यायला कोण?"

"नाना, मी फोन बघितला होता," मी म्हटलं. हे एक वाक्य मी म्हणालो याचंच मला अजून बरं वाटतं, बाकी कशाचं नाही. "मला वाटलं, हाराचा फोन."



"व्हय. खंडेनवमी व्हती." नाना म्हणाले, "घंटा मीच खराब केली. आणि तुम्ही दोघं एकाच फीडरवर, एकाच लायनीवर. सुरेखा कारखान्यात, तू कारखान्यात. मला दिसायला हवं व्हतं. लोकांना सांगत फिरलो आणि घरात दोघांना एकच हार घातला."

त्यांनी माझा दोष काढला असता तर मी कधीतरी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडू शकलो असतो. त्यांनी बिघाडाचं कारण सांगितलं आणि डोळे मिटले. माझ्याकडे भांडायला काही उरलं नाही.

नानांना खेडच्या पुतण्याने नेलं. त्याची दोन खोल्यांची जागा, बाळाला घेणं त्याला शक्य नव्हतं आणि त्याने ते खोटं न बोलता सांगितलं. सुरेखावहिनीने तीन आठवडे बाळाला सांभाळलं. पण रात्रंदिवसाचं ते काम, तिची पोरं, सासू. मी काय केलं? मी दर रविवारी जायचो आणि माझ्या घरी काय अडचणी आहेत ते सांगायचो. शेवटी चिपळूणच्या पलीकडे अशा लोकांसाठी एक निवासी संस्था आहे, तिथे जागा मिळाली.

संस्था चांगली आहे, माणसं मायेची आहेत. पण आतमध्ये काच चालत नाही. एखाद्याने हिसकावून फोडली, गिळली तर? त्यांचं बरोबरच आहे. तिथल्या बायका हातात प्लास्टिकच्या बांगड्यासुद्धा घालत नाहीत. पहिल्या दिवसापासून बाळाला परत नळी.

महिन्याभराने नाना वॉकरवर उभे राहायला लागले तेव्हा मी गाडी केली आणि त्यांना खेडहून तिथे घेऊन गेलो. त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती. त्यात घरची थाळी आणि रुमालात गुंडाळलेल्या सात बांगड्या. वाटेत ते एकदाच बोलले. "साडेबाराच्या आत पोचू ना?"

फाटकावरच्या ताईंनी पिशवी बघितली आणि हात जोडून म्हणाल्या, "आजोबा, काच आत नाही नेता येणार हो." नाना म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. आत नको. जेवणाच्या खोलीला खिडकी हाय का?"

खिडकी होती, जाळी लावलेली. बाळ आत बाकावर बसला होता, नळी काढलेली, समोर भाताची थाळी, शेजारी एक मावशी. खूप वाळला होता. नानांनी वॉकर भिंतीला टेकवला, बांगड्या हातात चढवल्या, आपली थाळी खिडकीशी धरली आणि वाजवलं. टिण् टिण्. बाळाने मान वळवली. तो कुठे बघत होता ते कळलं नाही, पण त्याने तोंड उघडलं आणि मावशीने घास दिला.

"घेतलान हो!" मावशी आतून म्हणाली. ती इकडचीच असणार.

पाच-सहा घास झाले. नानांचे पाय थरथरायला लागले. त्यांनी बांगड्या उतरवल्या आणि थाळीसकट माझ्या हातात दिल्या.

"तू वाजव. मी फाटकाकडे जातो. त्यानं मला जाताना बघायला नको."

"नाना, रोज इथे कोण..."

"मी ताईंना विचारलं. चाळीस जण हायत त्यांच्याकडे. रोज खिडकीत कोण उभं ऱ्हाणार?" ते वॉकर घेऊन वळले, परत थांबले. "थाळी संपली की बांगड्या मुठीत धर. घट्ट. वाजता कामा नये."

मी वाजवत राहिलो. मागे वॉकरची टकटक हळूहळू लांब जात होती. मी वळून बघितलं नाही, कारण घास चुकला असता. बाळ जेवला. कितीतरी दिवसांनी तोंडाने जेवला, थाळी पुसून जेवला. मावशीने रिकामी थाळी उचलून मला दाखवली तेव्हा मी सातही बांगड्या मुठीत आवळल्या. बाळाने थोडा वेळ तोंड उघडंच ठेवलं, मग मिटलं.

मी वळलो. नाना फाटकाशी पोचले होते, आमच्याकडे पाठ करून उभे होते. मान जरा कललेली. ऐकत होते. मी तोंडाशी हात धरून ओरडलो, "नाना, घेतलान! सगळं घेतलान!"

त्यांनी मागे बघितलं नाही. सवयीने त्यांचा उजवा हात वर गेला, परत मेनवर घ्या म्हणून. तो तसाच थोडा वेळ वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, वॉकरच्या दांडीवर ठेवला आणि ते गाडीच्या दिशेने चालायला लागले.